कुत्री थांबत नाही, मुलगाही थांबत नाही: संयम येतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात आठ महिन्यांची लॅब्रॅडॉर कुत्री आणि साडेचार वर्षांचा मुलगा. दोघांनाही दम म्हणून नाही. कुत्री पाच महिन्यांची असताना सांगितलेलं ऐकायची. आता वाडगं दिसलं की अंगावर झेपावते आणि दार उघडलं की पट्टा धरणाऱ्याला जिन्यावरून ओढत नेते. मुलाची आईने व्हिडिओत बघून 'मार्शमेलो टेस्ट' घेतली (मार्शमेलो म्हणजे एक मऊ, गोड मिठाई). समोर एक चॉकलेट ठेवलं, 'मी येईपर्यंत खाल्लं नाहीस तर दोन देईन' असं सांगितलं. दार लागायच्या आत चॉकलेट पोटात. तर संयम जन्मजात असतो की शिकवता येतो? आणि साडेचाराव्या वर्षी ही तऱ्हा, म्हणजे पुढे सगळं अवघडच का?

मी कुत्र्यांच्या वर्तनावर काम करते, आणि ज्या घरांत मला बोलावतात त्यातल्या बऱ्याच घरांत लहान मुलंही असतात. त्यामुळे हा जोडप्रश्न माझ्या ओळखीचा आहे. मुलांबद्दल जे लिहिते आहे ते संशोधनाच्या आधारावर. मूल तपासणं हे माझं काम नाही.

आधी मुलाचं बोलू, कारण खरी धास्ती तिथे दिसते. त्या टेस्टवरून मुलाचं भविष्य काढू नका. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी हे प्रयोग १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग नर्सरी शाळेत सुरू केले. मुलं बहुतेक विद्यापीठाशी संबंधित सुशिक्षित घरांतली. पुढे त्यांतल्याच काही मुलांचा पाठपुरावा झाला, तेव्हा जास्त वेळ थांबलेल्यांना मोठेपणी प्रवेश परीक्षेत जास्त गुण पडल्याचं दिसलं, आणि तिथून 'एक मार्शमेलो मुलाचं नशीब सांगतो' ही दंतकथा जगभर फिरली. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक, वेगवेगळ्या आर्थिक थरांतल्या मुलांची माहिती तपासली. तो संबंध जवळपास निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक वाढ हिशेबात धरल्यावर उरलेल्यातलाही दोन तृतीयांश गळाला.

संयमाला पुढच्या आयुष्यात किंमत नाही असं मात्र यातून निघत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास सांगतो की लहानपणचा आत्मसंयम आणि बत्तिसाव्या वर्षीचं आरोग्य, पैसा, गुन्हे यांचा संबंध आहे. पण तिथे संयम मोजला तो अनेक वर्षं, आईवडील, शिक्षक आणि निरीक्षक अशा अनेकांच्या डोळ्यांनी. एका दुपारच्या एका चॉकलेटवरून नव्हे.

आता २०१३ मध्ये छापून आलेला रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग बघा. माझ्या मते पालकांनी एकच अभ्यास लक्षात ठेवायचा तर हा. मार्शमेलो द्यायच्या आधी संशोधकांनी मुलांना चित्रं काढायला बसवलं. जुने खडू देऊन सांगितलं, थांबलात तर याहून छान सामान आणून देतो. अर्ध्या मुलांना ते खरंच आणून दिलं. उरलेल्यांकडे माणूस रिकाम्या हाताने परत आला, 'सॉरी, सामान संपलंय.' त्यानंतर नेहमीची मार्शमेलो टेस्ट. ज्यांना शब्द पाळल्याचा अनुभव आला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसल्याचा आला ती तीन मिनिटं. त्या दुसऱ्या गटातल्या मुलांची इच्छाशक्ती तासाभरात आटली असेल का? त्यांनी हिशेब केला, आणि तो बरोबर केला. ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही त्याच्यापुढे हातातलं खाऊन टाकणं हेच शहाणपण.

माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे. कुत्रं असो की मूल, थांबलं की मिळतं हा अनुभव पुन्हा पुन्हा आल्याने थांबायची ताकद वाढते. मोहापुढे बसवून परीक्षा घेतल्याने ती वाढत नाही. बाकी सगळं तपशिलाचं काम आहे, पण तपशीलच महत्त्वाचा.

जन्मजात किती? बरंच. कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, माणसात पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर संशोधन करणाऱ्या अडेल डायमंड यांनी तान्ह्या बाळांपुढे पारदर्शक खोका ठेवला, आत खेळणं, उघडी बाजू एकीकडे. सातआठ महिन्यांची बाळं खेळणं दिसतंय तिथेच हात मारत राहतात, काचेवर आपटत राहतात. वर्षाच्या आसपास ती बाजूने हात घालायला शिकतात. 'दिसतंय तिकडे झेप' हा आवेग आधी थोपवावा लागतो, तेव्हा वळसा घेता येतो. प्राण्यांवर हाच प्रयोग पारदर्शक नळीत खाऊ ठेवून करतात. २०१४ मध्ये ३६ जातींच्या ५६७ प्राण्यांचे निकाल एकत्र छापले गेले, तेव्हा मेंदूचा आकार मोठा तितका संयम जास्त असं चित्र दिसलं. दोनच वर्षांनी स्वीडनमधल्या संशोधकांनी रेव्हन जातीच्या कावळ्यांना त्याच नळीपुढे बसवलं आणि ते चिंपांझींच्या बरोबरीने उतरले. मेंदू केवढासा, पण काम चोख.

मग कोणत्या जिवाला किती दम असावा हे ठरतं कशावरून? बरंचसं पोटापाण्याच्या रीतीवरून. मार्मोसेट आणि टॅमरिन ही दक्षिण अमेरिकेतली दोन चिमुकली माकडं, जवळची नातलग. मार्मोसेट झाडाची साल कुरतडून डिंक पाझरायची वाट बघतं; टॅमरिन किड्यांवर झडप घालतं. खाऊसाठी ताटकळायची वेळ आली तर मार्मोसेट जास्त थांबतं. आपल्या माकुळाचा भाऊबंद असलेला कटलफिशसुद्धा आवडत्या जिवंत कोळंबीसाठी हाताशी असलेला कमी आवडता घास सोडून ५० ते १३० सेकंद थांबतो, असं २०२१ च्या प्रयोगात दिसलं. त्याचं आयुष्यच रंग बदलून दबा धरण्यात जातं. हलला की शत्रूला दिसला.

आता तुमच्या लॅब्रॅडॉरकडे येऊ. ही हावरी जात, हे काही बदनामीचं बोलणं नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या गटाने ब्रिटनमधल्या लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकातला बिघाड शोधला. साधारण चौघांत एका कुत्र्यात तो होता आणि अशा कुत्र्यांचं खाण्याकडे लक्ष जास्त होतं, वजनही. गंमत पुढे आहे. अपंगांना मदत करणारी प्रशिक्षित लॅब्रॅडॉर तपासली तर त्यांच्यात हा बिघाड तीन चतुर्थांश कुत्र्यांत. म्हणजे जगातली सगळ्यात शिस्तीची कुत्री निवडताना माणसांनी नकळत सगळ्यात अधाशी कुत्री निवडली होती. खाण्यासाठी जीव टाकणारं कुत्रं खाऊ देऊन शिकवायला सोपं, म्हणून. तेव्हा 'आमची फारच हावरी आहे, तिला शिकवून काय होणार' हे माझ्यापुढे चालत नाही.

आणि आठवा महिना. 'पाच महिन्यांची असताना ऐकायची' या वाक्यातच निम्मं निदान आहे. २०२० मध्ये न्यूकॅसल आणि नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी गाइड डॉग, म्हणजे अंधांना वाट दाखवणारी कुत्री, व्हायच्या वाटेवरच्या कुत्र्यांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात पाहिलं. आठव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्या माणसाचं 'सिट' कमी ऐकत होती, परक्याचं मात्र ऐकत होती! घरात वयात आलेलं मूल असेल तर हसू येईल. हे वय जातं. लोक नेमक्या याच काळात हात टेकतात किंवा चोक चेन (गळा आवळणारी साखळी) आणतात. दोन्ही करू नका.

थांबणारे जीव थांबताना नेमकं करतात काय, हे समजलं तर शिकवणं सोपं होतं. ते मोहाशी झुंजत नाहीत. मिशेल यांच्याच सुरुवातीच्या प्रयोगात खाऊ डोळ्यांपुढे असताना मुलं सरासरी मिनिटभर टिकली आणि खाऊ नजरेआड असताना अकरा मिनिटांच्या वर. थांबू शकलेली मुलं डोळे झाकायची, गाणी म्हणायची, पायाशी खेळायची. चिंपांझींना खेळणी दिली तर खाऊ साठत असताना ते खेळण्यांत मन रमवतात आणि जास्त वेळ थांबतात. शीबा नावाच्या चिंपांझीची गोष्ट तर माझी आवडती. दोन ढीग गोळ्या समोर, आणि नियम असा की ज्या ढिगाकडे ती बोट दाखवेल तो दुसऱ्याला मिळणार. ती पुन्हा पुन्हा मोठ्या ढिगाकडेच बोट दाखवायची आणि पुन्हा पुन्हा गमवायची. तिला अंक येत होते. ढिगांच्या जागी अंक लिहिलेली कार्डं ठेवली, तेव्हा तिने लहान अंक निवडला. नियम तिला कळला होता. गोळ्या दिसल्या की हात ऐकत नव्हता.

माणसांचंही तसंच. जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये २०५ लोकांना दिवसभर उपकरणावरून विचारत राहिले, आत्ता कसला मोह होतोय का. ज्यांचा आत्मसंयम चांगला मानला जातो त्यांनी मोहाला जास्त वेळा हरवलं असेल असं वाटेल. प्रत्यक्षात त्यांच्यावर मोहाशी भिडायची वेळच कमी आली होती. ते फरसाणाच्या दुकानावरून जातच नाहीत म्हणा ना. संयम वापरला की संपतो, हा सिद्धान्तही एकेकाळी फार गाजला होता. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर तो तपासला आणि हाती जवळपास काही लागलं नाही.

आता काम. कुत्रीपासून सुरू करते, कारण तिथे फरक लवकर दिसतो आणि घरच्यांना हुरूप येतो.

वाडगं हातात घेऊन उभ्या राहा. 'सिट', 'नो', 'थांब', काहीही म्हणू नका. ती उडेल, भुंकेल, गोल फिरेल. वाडगं छातीशी धरून ठेवा. कधीतरी ती खाली बसेल, कारण मान वर करून वाडग्याकडे बघत राहायचं तर बसणं सोयीचं पडतं. बसल्याबरोबर वाडगं सावकाश खाली न्यायला लागा. तिचं बूड जमिनीवरून बोटभर जरी उठलं तरी वाडगं वर. रागावणं नाही, खाकरणं नाही. बसली, वाडगं खाली. उठली, वाडगं वर. हे तिला तुमच्या शब्दांपेक्षा फार लवकर समजतं. वाडगं जमिनीला टेकलं आणि ती बसलेलीच आहे असं झालं की एक सेकंद थांबा आणि 'घे' म्हणा. पहिले काही दिवस एकच सेकंद. आपल्याला लगेच दहा करायची घाई होते, तिथेच घोळ होतो.

पुढे वेळ वाढवायची ती जिन्याच्या पायऱ्यांनी नको. दोन सेकंद, मग चार, मग एक, मग पाच, मग दोन, मग सात. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कठीण होत गेलं तर कुत्रं तो खेळच सोडून देतं. मधूनमधून सोपं मिळालं तर टिकतं. आणि तिचं तोंड बघायला शिका. निवांत कुत्र्याचं तोंड सैल, किंचित उघडं असतं. ते अचानक मिटलं, वजन पुढच्या पायांवर आलं, की पुढच्या क्षणी ती निघालीच समजा. 'घे' त्या क्षणाच्या आधी म्हणायचं. चुकून तिला पुढे जाऊ दिलं आणि मग ओरडलात तर ती थांबायला नाही, तुमच्या ओरडण्याला घाबरायला शिकते.

काही दिवसांनी एक बदल दिसेल. बसल्यावर ती वाडग्याकडे न बघता तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागेल. याच क्षणाची मी वाट बघत असते. नजर खाऊवरून हलली, म्हणजे मुलांनी डोळे झाकले तेच काम तिने केलं. लगेच 'घे'.

यात घरातली सगळी माणसं एक असावी लागतात. टेबलाखाली पोळीचा तुकडा रोज मिळत असेल तर कुत्रं मागतं. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ते कितीतरी जास्त चिकाटीने मागतं. 'अगं, एकच तर दिला' हे वाक्य शंभर दिवसांच्या शिकवणीवर पाणी फिरवतं. आजोबांना हे पटवणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि फी मी कुत्र्याची घेते.

दाराशी जी ओढाओढ होते ती वेगळी गोष्ट. तिथे खाऊचा प्रश्न नाही, उत्तेजनेचा आहे. ब्रे, मॅक्लीन आणि हेअर या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रशिक्षित सेवा-कुत्री आणि घरची पाळीव कुत्री घेतली आणि पारदर्शक अडथळ्यामागे खाऊ दाखवून, उत्साही आवाजात हाका मारून त्यांना चेव आणला. मुळात शांत असलेल्या सेवा-कुत्र्यांचा संयम थोडा सुधारला. मुळातच उसळती असलेल्या पाळीव कुत्र्यांचा बिघडला. तुमची दुसऱ्या गटात बसते हे सांगायला नको. तेव्हा 'चला चला, फिरायला कोण येणार!' हा गजर बंद. पट्टा लावा आणि तिथेच उभ्या राहा, तिचे चारही पाय जमिनीवर येईपर्यंत. दार फटभर उघडा. झेपावली तर बंद. बाहेर पडणं हेच तिचं बक्षीस आहे, वेगळी ट्रीट लागत नाही. पहिल्या काही फेऱ्यांत फिरणं कमी आणि दाराशी उभं राहणंच जास्त होईल, म्हणून ऑफिसच्या घाईच्या सकाळी हे सुरू करू नका. चेंडू फेकून फेकून दमवलं की शांत होते, हाही समज सोडा. अशाने तासभर उसळत राहायची तयारी वाढते. त्यापेक्षा नाकाला काम द्या: गवतात खाऊ विखरून शोधायला लावा. आणि झोप पुरी होऊ द्या; अपुऱ्या झोपेचं पिल्लू आणि अपुऱ्या झोपेचं मूल यांच्याकडून संयमाची अपेक्षाच करू नये.

नाकावर बिस्किट ठेवून ताटकळत ठेवण्याचे रील करू नका. कुत्रं थांबतं खरं, पण हवी ती वस्तू डोळ्यांपुढून हलत नाही आणि आपण हसत असतो. शिकवण्यासारखं त्यात काही नाही.

मुलाकडे वळते. इथे एक मोठा फरक: मुलाला भाषा आहे. पण ती सुरुवातीला फार दुबळी असते. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी लहानग्यांच्या हातात रबरी फुगा देऊन सांगितलं, दाब, आणि ती दाबायची. मग 'दाबू नको' म्हटलं की अगदी लहान मुलं आणखी जोरात दाबायची. नकारातलं 'दाब' तेवढं हातापर्यंत पोचत होतं. साडेचार वर्षांचं मूल त्याच्या बरंच पुढे असतं, तरी भुकेलेलं, चिडलेलं असलं की तिथेच येऊन पोचतं. म्हणून 'धावू नको'पेक्षा 'माझा हात धर'. 'चॉकलेटला हात लावू नको'पेक्षा 'डबा आजीकडे देऊन ये'. त्याला हातांनी करायला काहीतरी द्या.

दुसरं, शब्द. 'पाच मिनिटांत देते' म्हटलं तर पाच मिनिटांत. फोन आला तरी. जमणार नसेल तर कबूल करू नका. 'आज नाही' हे ऐकून मूल रडेल, पण त्यातून शब्दावरचा विश्वास जात नाही. 'नंतर बघू' हा आपल्या घरांतला सगळ्यात महागडा शब्द आहे, कारण मुलांना त्याचा अर्थ 'कधीच नाही' असा लवकर कळतो. सुरुवात लहान ठेवा: कुकरची एक शिट्टी होईपर्यंत, ही पोळी तव्यावरून उतरेपर्यंत. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला ऐकू येणारा, दिसणारा शेवट हवा.

तिसरं, खेळ. 'शिवाजी म्हणतो', स्टॅच्यू, विष-अमृत: तिन्हींत सुटू पाहणारं अंग धरून ठेवावं लागतं, आणि चुकलं तर हसू येतं, अपमान होत नाही. अॅपपेक्षा हे बरे.

चौथं म्हणजे घरची रीत. २०२२ मध्ये जपानी आणि अमेरिकन मुलांची तुलना छापून आली. जपानी मुलं खाऊसाठी छान थांबली, पण गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी कमी. अमेरिकन मुलांचं उलट. जपानात सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत कोणी जेवायला सुरुवात करत नाही. अमेरिकेत वाढदिवसाच्या, नाताळच्या भेटी वेळ येईपर्यंत उघडत नाहीत. जिथे थांबायची सवय, तिथे संयम. आपल्याकडे सगळ्यांची पानं वाढून 'वदनी कवळ' म्हणेपर्यंत घास न उचलण्याची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. धार्मिक कारणासाठी पाळा किंवा नका पाळू, पण रोज दोन वेळा, काही न बोलता, सगळ्यांबरोबर मिनिटभर थांबणं होतं. त्यासाठी लागणारी एकच गोष्ट म्हणजे आईबाबांनीही फोन बाजूला ठेवून एकाच वेळी पानावर बसणं.

दोन ठिकाणी मात्र घरगुती उपायांवर थांबू नका. मुलाचं उसळणं घरात, शाळेत, खेळायला गेल्यावर, सगळीकडे सारखंच असेल, सहा महिने तसंच चाललं असेल आणि त्यामुळे शिकणं, मैत्री, सुरक्षितपणा अडत असेल, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शिक्षकांचं म्हणणं लिहून न्या. एका घरातल्या एका चॉकलेटपेक्षा ते त्यांच्या जास्त कामाचं.

कुत्रीच्या बाबतीत गुरगुर ऐकू आली तर थांबायचं. वाडग्याजवळ कोणी गेल्यावर ती अंग ताठ करत असेल, भराभर गिळत असेल, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसत असतील, तर वर सांगितलेला वाडग्याचा सराव लगेच बंद करा. तो अधीर कुत्र्यासाठी आहे, आपलं वाडगं राखत बसणाऱ्या कुत्र्यासाठी नाही. तिला बंद खोलीत एकटीला निवांत जेवू द्या, 'मालक कोण ते दाखवतो' म्हणून वाडग्यात हात घालू नका, आणि आधी पशुवैद्याकडून दात, पोट तपासून घ्या. दुखण्यामुळेही असं होतं. मुलाने मात्र हा सराव गुरगुर असो वा नसो, एकट्याने कधीच करायचा नाही. तुम्ही वाडगं धरा, त्याने दाराबाहेरून 'घे' म्हणावं. त्याच्या आवाजावर कुत्री खायला लागली की त्याला जो आनंद होतो, त्यासाठी तोही गप्प उभा राहतो.